गाऊटची रोजची गोळी: काय आधी, काय नंतर

कोथरूडमध्ये आमचं मेडिकल आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात स्लीपर घालून काउंटरशी येतं, अर्धी संपलेली स्ट्रिप पुढे करतं आणि म्हणतं, "ताई, ही पाच दिवस घेतली, काडीचा फरक नाही. दुसरी द्या." स्ट्रिप बहुतेक वेळा फेबुक्सोस्टॅटची नाहीतर ॲलोप्युरिनॉलची असते, म्हणजे गाऊटच्या रोजच्या गोळीची. गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचे, म्हणजेच युरेटचे, स्फटिक सांध्यात साचून सांधा सुजण्याचा, ठणकण्याचा आजार. त्या गोळीने पाच दिवसांत ठणका थांबत नाही, कारण ती ठणक्याची गोळीच नव्हे. ती रक्तातलं युरिक ॲसिड खाली आणते. ते पुरेसं खाली राहिलं की सांध्यात साचलेले युरेटचे स्फटिक हळूहळू विरघळतात आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी पाय धरत नाही. ठणक्यावरच्या गोळ्या वेगळ्या.

हा घोळ इतक्या घरांत पाहिला आहे की सगळा क्रम एकदा लिहून काढते आहे. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. इथले आकडे त्यांच्याशी नीट बोलता यावं म्हणून दिलेत, चिठ्ठीशिवाय गोळी आणायला नव्हे.

## १. ही गोळी तुम्हाला हवी आहे का?

सर्वांत मोठी चूक इथेच होते. फुल बॉडी चेकअपचं पॅकेज करून घेतलं, रिपोर्टात युरिक ॲसिड ७.४ ठळक अक्षरांत आलं, आणि शेजारच्यांना चालू असलेली गोळी घरात आली. कधी सांधा सुजलेला नाही, मुतखडा नाही, टाच तेवढी सकाळी दुखते. नुसता आकडा वाढलेला असणं म्हणजे गाऊट नव्हे. असं युरिक ॲसिड असणाऱ्या पुष्कळांना आयुष्यात कधीच गाऊट होत नाही, आणि लक्षणं नसताना सहसा गोळी सुरू करत नाहीत. टाच, गुडघा, कंबर यांच्या दुखण्यामागे बहुतेक वेळा दुसरंच कारण असतं.

डॉक्टर रोजची गोळी साधारणपणे पुढच्या परिस्थितीत सुचवतात: वर्षात दोन किंवा जास्त वेळा गाऊटचा अटॅक आला, म्हणजे सांधा अचानक सुजून ठणकला; कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर युरेटच्या पांढुरक्या कडक गाठी आल्या; एक्स-रेमध्ये सांधा झिजल्याच्या खुणा दिसल्या. पहिलाच अटॅक असला तरी किडनी कमजोर असेल, मुतखड्याचा त्रास असेल किंवा युरिक ॲसिड ९ च्या वर असेल, तर लगेच सुरू करण्याचा विचार होतो.

तपासून घ्या: पाय सुजलेला असताना केलेली युरिक ॲसिडची तपासणी फसवू शकते. ऐन अटॅकमध्ये आकडा चक्क नॉर्मल येऊ शकतो. "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे गाऊट नाही" असं ठरवू नका. सूज उतरून दोन आठवडे झाले की पुन्हा तपासा.

थांबा: सांधा लाल, गरम आणि सोबत थंडी वाजून ताप असेल, तर घरी गोळ्या घेत बसू नका. सांध्यात पू झाला तरी तो असाच दिसतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

## २. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

आमच्याकडे येणारे एक काका एकदा श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आले. त्यात सहा स्ट्रिपा होत्या. दोन फेबुक्सोस्टॅट ४० च्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या: एक फॅमिली डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी हाडांच्या डॉक्टरांनी. एक जुनी झायलोरिक, म्हणजे ॲलोप्युरिनॉलच. एक दुखण्याची गोळी. एक रक्तदाबाची, नावाच्या शेवटी 'एच' असलेली. आणि एक झोपताना घ्यायची ॲस्पिरिन. "सकाळी चहाबरोबर सगळ्या एकदम घेतो," काका म्हणाले. म्हणजे एकच औषध दोन नावांनी दुप्पट, वर त्याच कामाचं तिसरं, आणि युरिक ॲसिड वाढवू शकणाऱ्या दोन गोळ्या त्यांच्या जोडीला. दोन्ही डॉक्टरांचं लिहिणं आपापल्या जागी बरोबर होतं. दोघांनाही डबा कुणी दाखवलेला नव्हता.

म्हणून डबा न्या. प्रत्येक स्ट्रिपवर कंपनीने गोळीला दिलेलं नाव असतं आणि त्याच्या आसपास मूळ औषधाचं. जुळवायचं ते औषधाचं नाव. चष्मा लागत असेल तर मुलीला, सुनेला वाचायला सांगा.

डब्यातल्या या गोष्टींकडे डॉक्टरांचं मुद्दाम लक्ष वेधा:

- रक्तदाबाच्या गोळीतला 'एच'. हा बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतो, लघवी वाढवणारं औषध. त्याने युरिक ॲसिड वाढतं. बदल करता येतो का ते विचारा. लोसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी युरिक ॲसिड थोडं कमी करते. पण स्वतःच्या मनाने रक्तदाबाची गोळी बंद करू नका.
- कमी डोसची ॲस्पिरिन. हिनेही आकडा थोडा चढतो, पण हृदयासाठी दिलेली असेल तर ती चालूच ठेवायची असते.
- ॲझाथायोप्रिन. किडनी प्रत्यारोपणानंतर किंवा आतड्याच्या, सांध्यांच्या काही आजारांत देतात. हिच्यासोबत ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट गेली तर रक्तपेशी धोकादायकपणे घटू शकतात. हे न सांगता गोळी सुरू झाली तर जिवावर बेतू शकतं.
- रक्त पातळ करणारी वॉरफरिन. ॲलोप्युरिनॉलमुळे हिचा परिणाम वाढू शकतो.
- गुळवेल, काढे, 'वातावरची' पुड्यांतली औषधं. लाजू नका, सांगा. पुढे यकृताची तपासणी बिघडली तर दोष कशाचा हे शोधता आलं पाहिजे. आणि बिनालेबलच्या पुडीत काय आहे हे आम्हालाही सांगता येत नाही.

सुरू करण्याआधीच्या तपासण्या: युरिक ॲसिड, क्रिएटिनिन (त्यावरून ई-जीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते), यकृताच्या चाचण्या, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). सोबत साखर आणि कोलेस्टेरॉल बघून घेतलेलं बरं, कारण गाऊट एकटा क्वचितच येतो.

## ३. कोणती गोळी

बहुतेकांना पहिली दिली जाते ती ॲलोप्युरिनॉल. स्वस्त आहे, जन औषधी केंद्रात तर आणखी स्वस्त पडते, आणि अनेक दशकं वापरात आहे. ती चालली नाही, सोसली नाही, तर फेबुक्सोस्टॅट. आपल्याकडे अनेकदा थेट फेबुक्सोस्टॅटच लिहिली जाते. त्यात चूक आहे असं नाही, पण हृदयविकार असलेल्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या गाऊटच्या रुग्णांत, फेबुक्सोस्टॅट घेणाऱ्यांचे हृदयविकाराने झालेले मृत्यू ॲलोप्युरिनॉलवाल्यांपेक्षा जास्त दिसले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ठळक इशारा दिला. २०२० च्या युरोपातल्या चाचणीत तो फरक दिसला नाही. ॲन्जिओप्लास्टी, बायपास किंवा हार्ट अटॅक झालेला असेल तर "माझ्यासाठी कोणती?" एवढं विचारणं तुमचं काम, निर्णय डॉक्टरांचा.

दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या नसतात. दोघींचं काम एकच.

लघवी 'अल्कलाइन' करणारं सिरप म्हणजे यातली तिसरी पद्धत, असं काहींना वाटतं. त्याने रक्तातलं युरिक ॲसिड खाली येत नाही. मुतखड्यासाठी त्याचा उपयोग वेगळा. त्यातल्या काहींत पोटॅशियम असतं, म्हणून किडनीच्या रुग्णांनी न विचारता बाटली उचलू नये.

## ४. सुरुवात: डोस लहान, सोबतीला कोल्चिसिन

ॲलोप्युरिनॉल साधारण रोज १०० मिलिग्रॅमने सुरू होते, किडनी कमजोर असेल तर ५० ने. फेबुक्सोस्टॅट ४० किंवा त्याहून कमी. "लवकर बरं व्हायचंय" म्हणून पहिल्याच दिवशी ३०० घेऊ नका. त्याने दोन नुकसानं होतात: गंभीर ॲलर्जीचा धोका वाढतो, आणि युरिक ॲसिड धाडकन उतरलं की सांध्यातले स्फटिक हलतात आणि अटॅकच येतो.

ही दुसरी गोष्ट माहीत नसल्यामुळे सर्वांत जास्त लोक गोळी सोडतात. गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने अटॅक येऊ शकतात, आणि ते गोळी लागू पडत असल्यामुळे येतात. साचलेलं विरघळायला लागलं की सांधा चिडतो. "हिनेच माझा पाय सुजला" म्हणून स्ट्रिप कचऱ्यात जाते, महिन्याभराने पुन्हा सुरू होते, पुन्हा पाय धरतो, पुन्हा बंद. अशी पाच-सहा वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा दोष नव्हता. पहिल्या दिवशी ही एक गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

यासाठी सुरुवातीचे ३ ते ६ महिने सोबत कोल्चिसिन देतात, सहसा ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा दोनदा, किडनीप्रमाणे कमी. चिठ्ठीवर ती दिसली नाही तर विचारा: "सुरुवातीला अटॅक येऊ नये म्हणून काही द्यायचं आहे का?" कोल्चिसिन चालत नसेल तर डॉक्टरांकडे दुसरे पर्याय असतात.

कोल्चिसिनबद्दल सावध:

- "जुलाब लागेपर्यंत दर तासाला एक" हा जुना सल्ला अजून ऐकू येतो. तो धोकादायक आहे. जादा कोल्चिसिनने जीव जाऊ शकतो आणि हाताशी उतारा नाही. लिहिलंय तेवढंच घ्या, नातवंडांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.
- जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना कळवा. डोस जास्त होत असल्याची ती पहिली खूण असते.
- सर्दी-खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं तर "मी कोल्चिसिन घेतो" हे आधी सांगा. दोन्ही एकत्र चालत नाहीत. रक्तदाबाच्या डिल्टिआझेम, वेरापामिल या गोळ्यांबद्दलही तेच सांगा.
- कोलेस्टेरॉलची स्टॅटिन चालू असेल आणि मांड्या-दंड दुखायला, गळून जायला लागले, तर थांबून विचारा.

ॲलोप्युरिनॉल जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. वेळ कोणतीही ठरवा, पण रोज तीच. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

## ५. पहिले तीन महिने: अंगावर लक्ष

ॲलोप्युरिनॉलची गंभीर ॲलर्जी क्वचित होते, पण होते तेव्हा बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. अंगावर पुरळ, ताप, तोंड येणं, ओठ सोलणं, डोळे लाल होणं, चेहरा सुजणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. "घामोळं असेल, दोन दिवस बघू" म्हणून पुढची गोळी घेऊ नका. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये घामोळं येतंच, हे मलाही ठाऊक आहे, तरीही दाखवा. आणि अशी ॲलर्जी एकदा झाली की ती गोळी आपल्या मनाने परत कधीही सुरू करायची नाही. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

ॲलोप्युरिनॉल चालू असताना ॲमॉक्सिसिलिन दिलं गेलं तर पुरळ येण्याची शक्यता वाढते. दाताच्या डॉक्टरांनाही गोळीचं नाव सांगा.

## ६. आकडा सहाच्या खाली नेणं

इथे घाई नको, पण थांबूनही चालत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि आकडा ६ च्या खाली नसेल तर डॉक्टर डोस एक पायरी वाढवतात: ॲलोप्युरिनॉल साधारण १०० ने (किडनी कमजोर असेल तर ५० ने), फेबुक्सोस्टॅट ४० वरून ८० वर. अंगावर गाठी असतील किंवा अटॅक फार वारंवार येत असतील, तर गाठी विरघळेपर्यंत ५ च्या खालचं लक्ष्य ठेवतात.

सहाच का? युरेट साधारण ६.८ च्या वर गेलं की रक्तात पूर्ण विरघळून राहू शकत नाही, स्फटिक बनायला लागतात. त्याच्या बऱ्यापैकी खाली राहिलं तरच आधी साचलेलं परत विरघळतं.

लॅबचा रिपोर्ट वाचताना होणारी चूक: लॅबच्या रकान्यात नॉर्मलची वरची मर्यादा ७ च्या आसपास छापलेली असते. आकडा ६.९ आला, ठळक अक्षर नाही, बाण नाही, आणि घरी आनंदीआनंद. पण ती मर्यादा सगळ्यांसाठी छापलेली आहे. गाऊट झालेल्या माणसासाठी ६.९ म्हणजे काम झालेलं नाही. छापील मर्यादेवर पेनाने काट मारा आणि शेजारी ६ लिहा.

दुसरी चूक म्हणजे वर्षानुवर्षं १०० वरच राहणं. "डॉक्टरांनी दिली तीच घेतोय" म्हणत आठ-आठ वर्षं ॲलोप्युरिनॉल १०० घेणारे आणि आकडा ८ असणारे लोक आहेत. ती सुरुवातीची पायरी होती. बऱ्याच जणांना ३०० लागते, काहींना त्याहून जास्त. किडनी कमजोर असली तरी तपासण्या करत, सावकाश, डोस वाढवता येतो. चार आठवड्यांनी परत जाणं हाही उपचाराचाच भाग आहे.

आम्ही काकांना सांगितलं, दुधाचा हिशोब लिहिता त्याच कॅलेंडरवर तीन गोष्टी लिहा: तारीख, डोस, आकडा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना मोबाइलमध्ये काढलेला कॅलेंडरचा फोटो दाखवला आणि एका मिनिटात काम झालं. दोन ऐवजी आता एकच डॉक्टर ही गोळी बघतात. तपासणीही शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

## ७. मधेच अटॅक आला तर

१. रोजची गोळी चालू ठेवा. बंद करायची नाही, वाढवायचीही नाही. अटॅकमध्ये ती बंद केली की आकडा वर जातो आणि सगळं पहिल्यापासून.

२. अटॅकसाठी डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं औषध लवकरात लवकर घ्या. पहिल्या काही तासांत घेतलेलं जास्त उपयोगी पडतं. ते लिहून दिलेलं नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या, कारण अंगठा नेमका रात्री दोनला ठणकायला लागतो. रोजची कोल्चिसिन चालू असताना अटॅकसाठी वेगळी किती घ्यायची, हेही तेव्हाच लिहून घ्या.

३. पाय उंच ठेवा, रुमालात गुंडाळून बर्फ लावा. चोळू नका, गरम शेक नको.

थांबा: दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब वगैरे, मेडिकलमध्ये मागून घेऊ नका. किडनी कमजोर, रक्तदाबाची गोळी आणि वर लघवीचं औषध, अशा तिघांच्या जोडीला ही चौथी गेली की किडनीवर एकदम ताण येतो. आम्ही नाही म्हटलं तर राग मानू नका.

रोजची गोळी अजून सुरूच झालेली नसेल तर? सूज उतरल्यावर दोन आठवड्यांनी सुरू करायची पद्धत जुनी आहे. आता काही डॉक्टर अटॅकवर उपचार चालू असतानाच सुरू करतात. दोन्ही चालतं. बरं वाटल्यावर विसरून जाणं तेवढं नको.

## ८. ताटाबद्दल थोडक्यात

पथ्याने युरिक ॲसिड साधारण एखाद्या अंकाने उतरतं. नऊवरून सहाच्या खाली यायला ते पुरत नाही. म्हणून पथ्य गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

आपल्या घरांत पहिली बंदी येते ती तूरडाळ, पालक आणि टोमॅटोवर. डाळी-भाज्यांमधल्या प्युरिनने (शरीरात ज्याचं युरिक ॲसिड बनतं त्या घटकाने) गाऊटचा धोका वाढल्याचं मोठ्या पाहणीत दिसलेलं नाही. आमटी खा. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दहीही खुशाल खा; फक्त चढताना पाणी प्या, कारण घाम गाळून पाणी न पिणं हे अटॅकचं हमखास निमित्त.

कमी करायचं ते असं: बिअर आणि इतर दारू, कलेजी-भेजा, मटणाची मोठी ताटं, बांगडा-तारली, कोल्ड्रिंक. रसवंतीतला उसाचा रसही रोज नको. साखरेतलं फ्रुक्टोज युरिक ॲसिड वाढवतं. ताक चांगलं. झपाट्याने वजन उतरवणं आणि निर्जळी उपवास टाळा. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तोच हिशोब पाळा.

गटारीला मटण आणि दारू, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. मग "आता मांसाहारच नाही, गोळी कशाला" म्हणून महिनाभर सुट्टी. दरवर्षी गणपतीच्या आसपास असे पाय सुजून येतात. श्रावणात पण गोळी घ्यायचीच.

## ९. आकडा आला. आता?

सहाच्या खाली आल्यावर दर सहा महिन्यांनी युरिक ॲसिड, क्रिएटिनिन आणि यकृत तपासा. अटॅक लगेच थांबतील असं धरू नका. वर्षभर अधूनमधून येऊ शकतात. गाठी विरघळायला त्याहून जास्त वेळ लागतो. कोल्चिसिन डॉक्टर ठरलेल्या मुदतीनंतर थांबवतात. रोजची गोळी मात्र चालू राहते, बहुतेकांना कायमची. "दोन वर्षं काही झालं नाही, बंद करू का?" असं विचारतात, तेव्हा दोन वर्षं काही झालं नाही ते या गोळीमुळेच हे लक्षात घ्या. बंद केल्यावर बहुतेकांचा आकडा पुन्हा चढतो आणि अटॅक परत येतात.

ऑपरेशन किंवा ॲडमिट व्हायची वेळ आली तर ही गोळी यादीत सांगा. तिथे ती नकळत सुटते आणि चौथ्या दिवशी अंगठा सुजतो. गावी जाताना दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या बरोबर ठेवा. आणि मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप मिळाली तर जुनीचा रिकामा पत्रा शेजारी धरून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम काउंटरवरच जुळवून घ्या. जुळत नसेल तर तिथेच विचारा, घरी जाऊन नको.